मुंग्यांची कार्यात्मक विविधता कशी मोजावी: सोलापूर परिसरात काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मुंग्यांवर काम सुरू करणारे विद्यार्थी आणि हौशी निरीक्षक बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो सूत्राचा: विविधता मोजण्यासाठी कोणता निर्देशांक वापरायचा? माझ्या मते हा प्रश्न बराच पुढचा आहे. त्याआधी हे ठरवले पाहिजे की आपण किती जागेचा विचार करणार आहोत. सापळ्याभोवतीची हातभर माती, ज्वारीचे एक रान, नान्नज परिसरातील माळ, की करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत दीडशे किलोमीटरहून अधिक पसरलेला सगळा जिल्हा? मुंग्या त्याच असल्या तरी या प्रत्येक पातळीवर उत्तर वेगळे मिळते, आणि दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात तेव्हा त्यामागे पुष्कळदा मुंग्यांमधला फरक नसून जागेच्या पातळीतला फरक असतो. म्हणून या लेखात जागेची निवड सर्वांत आधी घेतली आहे आणि तिच्यावरच सर्वाधिक वेळ दिला आहे.

कार्यात्मक विविधता म्हणजे काय मोजायचे

एखाद्या शेतात मुंग्यांच्या दहा प्रजाती सापडल्या, एवढ्यावरून त्या तेथे काय करतात हे कळत नाही. दहाही प्रजाती जमिनीवर फिरून बारीक दाणे आणि मेलेले किडे गोळा करणाऱ्या असतील, तर प्रजातींची संख्या मोठी असूनही कामांचा आवाका लहान राहतो. उलट चारच प्रजाती असल्या, पण त्यांतली एक गवताचे बी साठवणारी, एक वाळवीची शिकार करणारी, एक बाभळीवर चढून माव्याचा गोड स्राव पिणारी आणि एक मातीच्या आतच राहणारी असेल, तर त्या चौघींमध्ये कामांचा पसारा खूप मोठा ठरतो. प्रजातींच्या शरीररचनेतील, आहारातील आणि राहणीतील अशा फरकांचे एकत्रित मोजमाप म्हणजे कार्यात्मक विविधता.

भारतातून मुंग्यांच्या ८०० हून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत, पण सोलापूरसारख्या कोरड्या, दख्खनी भागात सुरुवातीला थोड्या वंशांची ओळख पुरते. काळा, मोठा डोंगळा म्हणजे कँपोनोटस वंशातला. त्याच्या एकाच वसाहतीत लहान आणि मोठ्या आकाराच्या कामकरी मुंग्या असतात. फायडोले वंशात मोठ्या डोक्याच्या सैनिक मुंग्या असतात आणि त्यांचे जबडे कठीण दाणे फोडू शकतात. ट्रायकोमिर्मेक्स वंशातील बी साठवणारी मुंगी घरट्याच्या तोंडाशी टाकलेल्या टरफलांच्या ढिगावरून लांबूनच ओळखू येते. लेप्टोजेनिस वाळवीची शिकार करते. क्रेमॅटोगास्टर डिवचल्यावर पोटाचा भाग वर उचलते. मेरॅनोप्लस ठेंगणी, केसाळ आणि संथ असून धोका जाणवताच अंग आखडून पडून राहते. टेट्रापोनेरा रुफोनायग्रा झाडाच्या वाळलेल्या, पोकळ लाकडात राहते आणि तिचा दंश फार वेदनादायक असतो, त्यामुळे झाडाची साल तपासताना उघडा हात लावू नये. पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस ही लांब पायांची, वेडीवाकडी धावणारी मुंगी शहरातील भिंतींवर आणि फरशांवर दिसते, तर सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली तांबडी मुंगी पाणी दिलेल्या, वारंवार खणलेल्या जमिनीत वाढते.

पहिली पायरी: एकक आणि व्याप्ती वेगवेगळी ठरवणे

जागेच्या या पातळीचे, म्हणजे अवकाशीय प्रमाणाचे, दोन भाग असतात आणि नवखे अभ्यासक ते एकमेकांत मिसळतात. पहिला भाग म्हणजे एकक: ज्या सर्वांत लहान जागेतील मुंग्या आपण एक नमुना मानतो, ती जागा. दुसरा भाग म्हणजे व्याप्ती: सगळे नमुने मिळून जेवढ्या प्रदेशात पसरलेले आहेत, तो प्रदेश. एक चौरस मीटरचे एकक घेऊन फक्त एका शेतात काम करता येते, आणि तेच एकक घेऊन अकरा तालुक्यांतही काम करता येते. दोन्ही अभ्यासांत एकक सारखे असले तरी त्यांच्या निष्कर्षांची थेट तुलना करता येत नाही.

याला महत्त्व का आहे, हे सोलापूरच्या जमिनीवर चांगले दिसते. जिल्ह्याच्या पातळीवर मुंग्यांची निवड प्रामुख्याने हवामान आणि माती करतात. सांगोला आणि माळशिरसकडील भागापेक्षा बार्शी आणि अक्कलकोटकडे पाऊस काहीसा जास्त पडतो. कोठे खोल काळी माती आहे, तर कोठे मुरमाड माळ. मे महिन्याच्या दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि अशा जमिनीवर फिरणे ज्यांना झेपत नाही त्या प्रजाती तेथे टिकत नाहीत किंवा त्यांना रात्रीच बाहेर पडावे लागते. या छाननीतून पार पडलेल्या प्रजाती काही गुणांत एकमेकींसारख्या असण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे मोठ्या व्याप्तीत पाहिले की एकाच जागी राहणाऱ्या प्रजाती अपेक्षेपेक्षा अधिक सारख्या दिसू शकतात.

आता एकाच शेतात उतरू या. येथे हवामान सगळीकडे सारखेच असते, त्यामुळे त्याची छाननी दिसत नाही. दिसते ती शेजारणींमधली चढाओढ. एकाच आकाराच्या, एकच अन्न खाणाऱ्या आणि एकाच वेळी बाहेर पडणाऱ्या दोन वसाहती दोन मीटरांवर नांदणे अवघड असते. म्हणून लहान पातळीवर शेजारी प्रजाती अपेक्षेपेक्षा अधिक वेगळ्या दिसाव्यात, असे सिद्धान्त सांगतो. प्रत्यक्षात हे दर वेळी दिसत नाही, कारण लहान पातळीवरही स्वतःची छाननी चालू असते आणि ती जमिनीच्या पोताची, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची, असते.

या पोताविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण कोरडवाहू आणि बागायती राने शेजारी शेजारी असलेल्या आपल्या भागात तो फार झपाट्याने बदलतो. चालणारा प्राणी जितका लहान, तितकी त्याला जमीन अधिक खडबडीत भासते. मायकेल कास्पारी आणि मायकेल वायझर यांनी १९९९ मध्ये मुंग्यांच्या बाबतीत ही कल्पना मांडली: मोठ्या मुंगीला लांब पाय उपयोगी पडतात, कारण ती अडथळ्यांवरून चालत जाते, तर बारीक मुंगीला आखूड पाय सोयीचे ठरतात, कारण ती काडीकचऱ्याच्या फटींतून जाते. आता ऊस तुटल्यानंतर जमिनीवर पाचट पसरून ठेवलेला फड पाहा, आणि त्याच्याच बांधापलीकडे काढणी झालेले, भेगाळलेले ज्वारीचे रान पाहा. पाचटाखाली फटींचे दाट जाळे आहे, तर ज्वारीच्या रानात उघडी, तापणारी जमीन आहे, जेथे लांब पायांमुळे वेगही मिळतो आणि शरीर जमिनीपासून वरही राहते. दोन्ही रानांत पाऊस सारखा, माती सारखी, अंतर पन्नास पावलांचे, तरीही पायांच्या लांबीची निवड विरुद्ध दिशांना होण्याची अपेक्षा आहे. डाळिंबाच्या बागेत तर ही पातळी आणखी लहान होते, कारण ठिबकच्या नळीखालचे ओले वर्तुळ आणि दोन ओळींमधली कोरडी माती यांत मीटरभराचेच अंतर असते. एवढ्या बारीक फेरबदलांच्या जागी दहा मीटरांचे एकक घेतले, तर ओल्या आणि कोरड्या जागांच्या मुंग्या एकाच नमुन्यात जमा होतात आणि जो फरक शोधायचा होता तोच पुसला जातो.

दुसरी पायरी: एकात एक बसणारी मांडणी

वरील कारणांमुळे माझा आग्रह असा आहे की नवख्या अभ्यासकाने एकच पातळी निवडण्याऐवजी लहान पातळी मोठीत बसेल अशी मांडणी करावी. सापळा हे सर्वांत लहान एकक. दहा दहा मीटरांवर ठेवलेल्या दहा सापळ्यांची ओळ म्हणजे एक ठिकाण. एकाच प्रकारच्या रानातील चार ठिकाणे म्हणजे एक अधिवास. आणि सगळे अधिवास मिळून अभ्यासाचा प्रदेश. माळ, कोरडवाहू ज्वारी आणि पाचट असलेला ऊस असे तीन अधिवास घेतले तर बारा ठिकाणे आणि १२० सापळे होतात, आणि दोघा-तिघांच्या गटाला एका हंगामात हे काम झेपते. सापळ्यांमधील दहा मीटरांचे अंतर पालापाचोळ्यातील मुंग्यांच्या प्रमाणित पद्धतीतही वापरले जाते. त्याहून जवळ ठेवल्यास एकाच वसाहतीच्या मुंग्या शेजारच्या दोन सापळ्यांत पडतात आणि नमुने एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. एकाच अधिवासाची ठिकाणे मात्र एकाच गावच्या शिवारात गोळा करू नयेत. चारही माळ उत्तर सोलापूर तालुक्यात आणि चारही उसाचे फड पंढरपूर तालुक्यात घेतले, तर दिसणारा फरक अधिवासाचा की तालुक्याचा, हे नंतर कोणत्याही गणिताने सुटत नाही.

माळांची निवड करताना नान्नजचे नाव सर्वांत आधी सुचते. तेथील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. कागदावर त्याचे क्षेत्र तेव्हा सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले, परंतु प्रत्यक्ष राखलेली गवताळ कुरणे म्हणजे शेते आणि लागवडीची झाडी यांमध्ये विखुरलेले तुलनेने लहान तुकडे आहेत. नकाशावरची व्याप्ती आणि मुंगीच्या दृष्टीने उपलब्ध असलेली व्याप्ती यांत किती अंतर असू शकते, ते येथे कळते. अभयारण्यात कीटक गोळा करण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात तेथे सापळे खणणे मला परवानगी असली तरी योग्य वाटत नाही. पहिल्या अभ्यासासाठी गावची गायराने, पडीक माळ आणि महाविद्यालयांची मोकळी आवारे पुरेशी आहेत. शेतमालकाची आणि ग्रामपंचायतीची संमती आधीच घ्यावी.

तिसरी पायरी: मुंग्या गोळा करणे

सहा-सात सेंटिमीटर तोंडाचा प्लास्टिकचा पेला कड जमिनीशी अगदी समपातळीत येईल असा पुरावा. कड जराशी जरी वर राहिली तरी बारीक मुंग्या वळसा घालून जातात आणि नमुना मोठ्या मुंग्यांकडे झुकतो, म्हणजेच आपण जो गुण मोजणार आहोत त्यातच चूक शिरते. काळ्या मातीत पेल्याभोवती भेग पडते, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बुजवावी. पेल्यात एक तृतीयांश पाणी, चमचाभर मीठ आणि साबणाचे दोन-तीन थेंब घालावेत, ४८ तास ठेवावा, वर छोटे छप्पर करावे आणि काम संपल्यावर खड्डा बुजवावा. खणल्याबरोबर काही मुंग्या उकरलेल्या मातीकडे आकर्षित होतात, म्हणून पेला आधी पुरून झाकून ठेवावा, दोन-तीन दिवसांनी उघडावा आणि ४८ तास तेव्हापासून मोजावेत.

खड्ड्याचे सापळे झाडावरच्या आणि मातीखालच्या मुंग्या फारशा पकडत नाहीत. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळ हाताने शोध घ्यावा, झाडांच्या खोडांवर गूळपाण्याचा बोळा आणि जमिनीवर तिखट न घातलेले शेंगदाण्याचे कूट ठेवून तासाभराने नोंद करावी. मात्र ही पद्धत सर्व ठिकाणी सारख्याच वेळी आणि सारख्याच प्रमाणात वापरली पाहिजे. पावसाळा ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ सुरुवातीसाठी चांगला असतो. उन्हाळ्यात पुन्हा नमुने घेता आले तर घ्यावेत, पण दोन हंगामांचे नमुने एकत्र करू नयेत. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत आणि प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

एक नियम येथेच लक्षात ठेवावा: सापळ्यातील मुंग्यांची संख्या विपुलता म्हणून वापरू नये. घरट्याच्या वाटेवर आलेल्या एका पेल्यात एकाच वसाहतीच्या शेकडो मुंग्या पडतात. त्याऐवजी दहापैकी किती सापळ्यांत ती प्रजाती आढळली, ही वारंवारता घ्यावी.

चौथी पायरी: गुण मोजणे

स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि नेत्रकातील मोजपट्टी असल्यास हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. शरीराच्या आकारासाठी मधल्या भागाची तिरकस लांबी घ्यावी, जिला वेबर लांबी म्हणतात. अल्कोहोलमध्ये आक्रसणाऱ्या पोटासह एकूण लांबी घेणे टाळावे. त्याशिवाय डोक्याची रुंदी, डोळ्याची लांबी, जबड्याची लांबी, मिशीच्या पहिल्या लांब खंडाची लांबी आणि मागच्या पायाच्या मांडीची लांबी एवढे गुण पुरेसे आहेत. प्रत्येक गुणामागे कारण असावे: पायाची लांबी पोताशी जोडलेली आहे, जबडा आहाराशी, डोळा उजेडात किंवा मातीखाली राहण्याशी. आकार सोडून बाकीची मापे वेबर लांबीने भागून घ्यावीत, नाही तर सगळे गुण फिरून आकारच सांगत राहतात.

डोंगळे आणि फायडोले यांच्यासारख्या प्रजातींत लहान कामकऱ्यांची मापे मुख्य धरावीत आणि आकारांमधील तफावत हा वेगळा गुण म्हणून नोंदवावा. प्रत्येक प्रजातीच्या निदान पाच-सहा मुंग्या मोजाव्यात, आणि शक्य असल्यास प्रत्येक अधिवासातून वेगवेगळ्या. जिल्हाभर एकच सरासरी वापरली तर मोठ्या पातळीवर फारसे बिघडत नाही. पण शेजारच्या दोन रानांची तुलना करताना एकाच प्रजातीच्या आतील फरकही महत्त्वाचा असतो आणि सरासरीत तो दिसेनासा होतो.

आहार आणि घरट्याची जागा यांची माहिती शब्दांत असते, तर मापे अंकांत असतात. दोन्ही एकत्र घेऊन प्रजातींमधील अंतर काढण्यासाठी गॉवर अंतर वापरतात.

पाचवी पायरी: पातळीनुसार निर्देशांक

आता सूत्राचा प्रश्न योग्य जागी येतो. प्रत्येक गुण हा एक अक्ष मानून प्रजाती मांडल्या, तर या गुणांच्या अवकाशात सर्वांत बाहेरच्या प्रजातींना जोडून जे आकारमान घेरले जाते, त्याला कार्यात्मक समृद्धी म्हणतात. ती काढण्यासाठी गुणांच्या संख्येपेक्षा प्रजाती जास्त असाव्या लागतात. एका सापळ्यात तीनच प्रजाती असतील आणि गुण पाच असतील, तर हा निर्देशांक काढताच येत नाही. तो ठिकाण किंवा अधिवास या पातळीवरच वापरावा. सर्व पातळ्यांवर चालणारा, दोन प्रजातींपासून काढता येणारा निर्देशांक म्हणजे भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९८२ मध्ये मांडलेली क्वाड्रॅटिक एन्ट्रॉपी. यदृच्छया दोन नोंदी उचलल्या तर त्यांच्या प्रजातींमधील अंतर सरासरी किती असेल, असा तिचा साधा अर्थ आहे.

पातळीचा परिणाम कागदावर पाहण्यासाठी पुढील उदाहरण हाताने सोडवावे. समजा, दोनच प्रजाती आहेत, एक बारीक आणि एक मोठी, आणि त्यांच्यातील अंतर १ आहे. पहिल्या गावात माळावर फक्त मोठी आणि उसात फक्त बारीक सापडते. प्रत्येक रानाची रावांची विविधता ० येते. दोन्ही राने एकत्र केली की प्रत्येकीचे प्रमाण ०.५ होते आणि विविधता २ × ०.५ × ०.५ × १ म्हणजे ०.५ येते. दुसऱ्या गावात दोन्ही रानांत दोन्ही प्रजाती सारख्या प्रमाणात आहेत. तेथे प्रत्येक रानाची विविधता ०.५ आणि एकत्रित विविधताही ०.५. गावाच्या पातळीवर दोन्ही गावे अगदी सारखी दिसतात. रानाच्या पातळीवर ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिल्या गावात सारी विविधता रानारानांमधल्या फरकात आहे, आणि तेथला माळ नांगरला गेला तर ती पूर्ण नाहीशी होईल. दुसऱ्या गावात एक रान गेले तरी ती टिकेल. म्हणून एकत्रित विविधतेतून स्थानिक सरासरी वजा करून उरणारा भाग प्रत्येक पातळीसाठी स्वतंत्रपणे काढावा: सापळ्यांमधला, ठिकाणांमधला आणि अधिवासांमधला. कोणत्या पातळीवर तो सर्वांत मोठा आहे, हेच बहुतेक अभ्यासांचे खरे उत्तर असते.

क्षेत्र वाढवत गेल्यास प्रजाती बराच काळ वाढत राहतात, पण कार्यात्मक विविधतेचा आलेख बहुधा आधी सपाट होऊ लागतो, कारण नव्या प्रजाती जुन्यांचेच काम करणाऱ्या निघतात. येथे एक पेच आहे. क्षेत्र वाढवताना आपण सापळेही वाढवतो, त्यामुळे दिसणारी वाढ क्षेत्राची की श्रमांची, हे कळत नाही. यावर सोपा उपाय असा: एकाच ठिकाणचे दहा सापळे एका बाजूला घ्यावेत आणि दहा वेगवेगळ्या ठिकाणांतून एकेक असे दहा सापळे दुसऱ्या बाजूला. सापळ्यांची संख्या सारखी, फक्त पसारा वेगळा. अशा निवडी संगणकावर अनेकदा यदृच्छया करून सरासरी काढावी. आर या मोफत संगणकभाषेतील एफडी आणि व्हेगन ही पॅकेजे या कामासाठी पुरेशी आहेत.

सहावी पायरी: तुलना कोणाशी

मिळालेली विविधता जास्त की कमी, हे ठरवण्यासाठी प्रजातींचे गुण आपापसांत यदृच्छया बदलून ९९९ काल्पनिक समुदाय तयार करतात आणि खरा आकडा त्यांच्यात कोठे बसतो ते पाहतात. काल्पनिक समुदाय प्रजातींच्या कोणत्या यादीतून उचलायचे, ही निवडसुद्धा जागेचीच निवड आहे. नवख्यांच्या लेखनात हा मुद्दा सर्वांत जास्त वेळा सुटलेला आढळतो. यादी सगळ्या जिल्ह्याची घेतली तर उसाच्या फडातील मुंग्या एकमेकींसारख्या दिसतील, कारण जिल्ह्याच्या यादीत माळावरच्या आणि झाडावरच्या प्रजातीही आहेत आणि फडाने त्या आधीच वगळल्या आहेत. यादी फक्त उसाच्या फडांपुरती घेतली तर तो परिणाम निघून जातो आणि शेजारणींमधली चढाओढ दिसण्याची शक्यता वाढते. दोन्ही याद्यांनी चाचणी करावी आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडावीत. ती वेगळी आली तर त्यांपैकी एक चूक आहे असे मानू नये. सोलेनॉप्सिस जेमिनाटासारखी बाहेरून आलेली प्रजाती यादीत ठेवून आणि वगळून अशी चाचणी दोनदा केल्यास ती स्थानिक मुंग्यांच्या मांडणीत किती ढवळाढवळ करते, याचाही अंदाज येतो.

अहवालात एकक, सापळ्यांमधील अंतर, ठिकाणांमधील अंतर, एकूण व्याप्ती, तुलनेची यादी आणि नमुने घेतल्याचा महिना या सहा गोष्टी पहिल्याच तक्त्यात द्याव्यात, म्हणजे पुढे कोणी सांगोल्यात किंवा बार्शीत हेच काम केले तर त्याला आपल्या आकड्यांशी प्रामाणिक तुलना करता येईल. प्रत्येक प्रजातीच्या काही मुंग्या टाचणीवर चढवून, ठिकाण, अधिवास आणि सापळ्याचा क्रमांक असलेल्या चिठ्ठीसह महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जमा कराव्यात.